डिंफना दुकानात जे बोलली

डिंफना टोनरकडे बायका केस सेट करायला यायच्या असं म्हटलं, तर ते अर्धंच खरं होईल. खरं तर त्या ऐकायला यायच्या. केस निमित्ताला.

आमचं डेरिनाव्हार हे गाव उत्तर आयर्लंडमधलं, पण आयर्लंडच्या सरहद्दीला इतकं चिकटलेलं की गायी एका देशात चरायच्या आणि दूध दुसऱ्या देशात द्यायच्या. डिंफनाचा नवरा फेलिम ते दूध टँकरमधून गोळा करत फिरायचा. तो इतका कमी बोलायचा की लग्नात पाद्र्यांनी विचारलेल्या प्रश्नाला त्याने मान डोलावली होती आणि फादरना म्हणावं लागलं होतं, "फेलिम, देवाला ऐकू जाईल असं बोल बाबा." हा किस्साही आम्हाला डिंफनानेच सांगितलेला. घराच्या पुढच्या खोलीत तिने दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि केस वाळवायचं यंत्र मांडलं होतं. बिशपांची नक्कल करावी तर तिनेच. मेलेल्या माणसाच्या घरीसुद्धा ती गेली की तासाभरात चुलीपाशी कुणीतरी हसलेलं असायचं आणि त्या घराला त्याचं बरं वाटायचं. जीभ होती तिला, पण विखारी नव्हती. हे आधीच सांगून ठेवते.

मी तिची शेजारीण, उना. आम्ही एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलो. जगाच्या शेवटच्या दिवशी देवापुढे माणसाला वायफळ शब्दांचाही जाब द्यावा लागेल असं नन्सनी शिकवलं, तेव्हा डिंफना माझ्या कानात म्हणाली होती, "मग माझी सुनावणी चालू असताना तू जेवून ये."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. त्या काळात आमच्याकडे कुणी फार बोलत नसे. रस्त्यावर ब्रिटिश सैनिक, डोक्यावर हेलिकॉप्टर आणि गावात ती माणसं, ज्यांना आम्ही फक्त 'ते' म्हणायचो. पोलीस आणि सैन्याविरुद्ध बंदूक उचललेली आमच्यातलीच माणसं. कोण कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांना बातम्या पुरवतो असा ज्याच्यावर संशय यायचा, त्याचं काय व्हायचं तेही ठाऊक होतं. आदल्या हिवाळ्यात शेजारच्या गावचा एक जण गल्लीच्या तोंडाशी, कुंपणाला टेकवलेला सापडला. त्याच्याबद्दलही सुरुवात नुसत्या बोलण्यानेच झाली होती.

नोव्हेंबरमधला शनिवार होता. माझ्या केसांना डिंफना रोलर लावत होती. दुसऱ्या खुर्चीवर ब्रोना बसली होती. तिचं लग्न ठरलं होतं, म्हणून केस कसे बांधायचे ते बघायला आली होती. केस वाळवायच्या यंत्राखाली एक म्हातारी डुलक्या घेत होती.

"आपल्या मॅलकीचे दिवस पालटले बरं का!" डिंफना म्हणाली. "परवा डॉक्टरांच्या घरासमोर पोलिसांची गाडी थांबली. म्हटलं, आता कुणाला धरून आणलंय? तर हे राजे उतरले! पोलिसाने स्वतः उतरून दार उघडलं, हाताला धरून उतरवून घेतलं. अगं, जावयाला नाही कुणी असं उतरवत!"

तिने कंगवा काखेत धरून पोलिसाची ती अदब करून दाखवली. मी हसले. ब्रोना तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. यंत्राखालची म्हातारी जागी होऊन "काय झालं, काय झालं?" म्हणाली, तेव्हा डिंफनाने पुन्हा सगळं करून दाखवलं.

मॅलकी कीनन म्हणजे असुम्प्टाचा एकुलता एक. विशीतला, पत्र्याची कामं करणारा, गोठ्यांची छपरं बसवणारा. असुम्प्टा विधवा. चर्चमधली फुलं तीच लावायची.

बोलणं तिथेच संपलं. माझे केस झाले, मी घरी गेले.

मंगळवारी मी आणि डिंफना खाटकाच्या दुकानात उभ्या होतो. पुढे दोन बायका होत्या. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली, "कीननच्या पोराला पोलिसांची गाडी नेते-आणते म्हणे. आठवड्यातून दोनदा."

डिंफनाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मला दिसलं.

"कुणी सांगितलं तुला?" तिने त्या बाईला विचारलं.

"सगळेच म्हणतायत," ती बाई म्हणाली आणि मटणाचं पुडकं उचलून घाईघाईने निघून गेली. खाटीक सुरी पुसत राहिला. त्याने मान वर केली नाही.

बाहेर येऊन डिंफना भिंतीला टेकली. "दोनदा कुठून आलं, उना? मी दोनदा म्हटलं नव्हतं ना?"

"नाही म्हटलं."

"त्याच्या हाताला टॉवेल गुंडाळला होता," ती म्हणाली. "लाल झालेला. रक्त ठिबकत होतं फरशीवर. पत्र्याने हात कापला असणार आणि गस्तीच्या गाडीने रस्त्यात उचललं असणार. म्हणून तर पोलिसाने दार उघडलं. त्याला उघडता येत नव्हतं गं."

"हे तू शनिवारी नाही सांगितलंस."

"नाही," ती म्हणाली. "टॉवेल सांगितला असता तर कुणी हसलं नसतं."

ती तशीच उभी होती. रस्ता नेहमीसारखाच होता. मुलं शाळेतून येत होती, कुणाचा तरी कुत्रा दुधाच्या कॅनला हुंगत होता. तिने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. आणि त्या खऱ्या शब्दांवर एक पोरगा मरणार होता.

दुसऱ्या दिवशी मॅलकीच्या मालकाने त्याला सांगितलं, हात बरा होईपर्यंत येऊ नकोस. हे म्हणताना त्याने मॅलकीच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. असुम्प्टा पावाच्या दुकानात शिरली की आतलं बोलणं तुटायचं. तिला आधी कळेचना. नंतर कळलं असावं, कारण तिने घराचे पडदे दिवसासुद्धा ओढून घेतले. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक गाडी उभी राहायला लागली. आत दोघे जण, इंजिन चालू. मी भाजी आणायला जाताना ती गाडी पाहिली आणि बटाटे न घेताच परत आले.

"पोरगं पळून का जात नाही?" मी फेलिमला विचारलं.

"पळालं तर खरं ठरेल," फेलिम म्हणाला. त्याच्याकडून एवढं ऐकणं म्हणजे व्याख्यानच होतं.

डिंफनाने दुकान बंद ठेवलं. जेवण जाईना. गुरुवारी दुपारी ती चर्चमध्ये पापनिवेदनाला गेली. मी बाहेर बाकावर थांबले. आत काय झालं ते तिने मला नंतर, बरंच नंतर सांगितलं. तिच्या मनात सरळ हिशेब होता. आपण फादर डेव्हनींना सगळं सांगू. फादर मोठे माणूस, त्यांचा शब्द 'ते'सुद्धा मोडत नाहीत. फादर जातील, दोन शब्द बोलतील, मिटेल.

तिने सगळं सांगितलं. गाडी, पोलीस, जावई, आणि शेवटी टॉवेल.

"फादर, तुम्ही बोलाल ना त्यांच्याशी?" तिने लाकडी जाळीतून विचारलं.

"मला बोलता येणार नाही, डिंफना."

"पण तुम्हाला आता सगळं माहीत आहे!"

"पापनिवेदनात ऐकलेलं या लाकडी जाळीबाहेर नेता येत नाही. कुणाचा जीव जात असला तरी. ते तुलाही माहीत आहे." फादरांचा आवाज फाटल्यासारखा झाला होता. "तू हे मला चहा पिताना सांगितलं असतंस, तर मी आत्ता सायकलवर बसलो असतो. इथे सांगितलंस. आता मी मुका झालो. तू नाहीस."

"मला भीती वाटते, फादर."

"मलाही वाटते," ते म्हणाले. "देवाने तुला जीभ दिली ती काही माणसं हसवायलाच दिली असं नाही. मी तुला क्षमेचे शब्द देतो, ते तुझेच आहेत. पण क्षमा मिळाली म्हणून ते बोलणं परत येत नाही. ते तुला आणायला जावं लागेल."

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "फादर काय म्हणाले?" तिने नुसती मान हलवली आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर यूजीनच्या दुकानात."

यूजीन ट्रेनर गुरांचं खाद्य विकायचा. गावात कुणी त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही, आणि त्यावरूनच काय ते समजायचं. सभ्य माणूस. आवाज कधी चढवला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

"वेडी आहेस का? तिथे जाऊन काय बोलणार?"

"मला ठाऊक नाही. वाटेत ठरवीन."

वाटेत तिचे ओठ हलत होते. 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हणत होती. तिची आई तिला लहानपणी सांगायची की बोलायच्या आधी एक नमो मरिये म्हण, म्हणजे निम्मं बोलायचं राहूनच जाईल. तोवर डिंफनाने ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

दुकानात कोंड्याचा वास भरला होता. यूजीन पोती रचत होता. आम्हाला पाहून त्याने हात झटकले.

"या बायांनो. तुमच्याकडे कधीपासून गुरं आली?"

"यूजीन, मला मॅलकी कीननबद्दल सांगायचंय," डिंफना म्हणाली.

त्याने मागचं दार लोटलं. मग फार हळू आवाजात विचारलं, "आणि ते तू मला का सांगतेस? मी खाद्य विकतो."

मी डोळे मिटले. तिने एक चुकीचा शब्द उच्चारला असता, 'तू त्यांच्यातला आहेस म्हणून' असं नुसतं सुचवलं असतं, तरी आम्ही दोघी मॅलकीसारख्याच संशयितांच्या यादीत गेलो असतो. नेहमीच्या डिंफनाने तो शब्द उच्चारलाही असता, वर एखादा विनोद जोडून. ती थांबली.

"तुझ्या दुकानात सगळ्या वाड्यावस्त्यांवरची माणसं येतात," ती म्हणाली. "माझ्याकडे फक्त बायका येतात. माझं बोलणं बायकांकडून गेलं, ते पुरुषांपर्यंत पोचलंय. ते पुसायचं तर पुरुष जिथे येतात तिथेच सांगायला हवं."

यूजीन तिच्याकडे पाहत राहिला. "बोल."

तिने सांगितलं. या वेळी टॉवेल आधी सांगितला. फरशीवर रक्त कुठे पडलं, मॅलकीचे ओठ कसे पांढरे पडले होते, डॉक्टरांकडची मदतनीस बाई धावत कशी बाहेर आली, आणि पोलीस त्याला दारात सोडून लगेच कसा निघून गेला. एकही नक्कल केली नाही.

"पण पोलिसांच्या गाडीतून उतरताना तू पाहिलंस?"

"पाहिलं. एकदाच. दोनदा मी कधी म्हटलं नाही, आणि कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे."

"मग शनिवारी रक्ताचं का नाही सांगितलंस?"

"हसू आलं नसतं म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं."

यूजीनने खिशातून सिगारेट काढली, पण पेटवली नाही. "आणि हे आत्ता त्याला वाचवायला रचलं नाहीस कशावरून? तू गोष्टी रंगवतेस, डिंफना. सगळं गाव जाणतं. माझी बायकोच तुझ्याकडून येऊन जेवणभर हसत असते."

हा घाव वर्मी बसला. आयुष्यभर कमावलेलं नावच तिच्या आड आलं होतं. तिला रडू फुटलं, पण आवाज मोडला नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्याचा हात बघायला सांग कुणालाही. टाके खोटं बोलत नाहीत."

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर थांबवला. यूजीन दाराकडे वळला आणि जाता जाता म्हणाला, "एका खोलीत बोललीस, ते गावभर झालं. मला काय सांगतेस? गावाला सांग."

आम्ही बाहेर पडलो. याचा अर्थ हो की नाही, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. वाटेत मी चार वेळा मागे वळून पाहिलं असेल.

डिंफना घरी न वळता मधल्या वाटेने थेट असुम्प्टाकडे गेली. मी फाटकाशी थांबले. गाडी तिथेच उभी होती. डिंफना त्या गाडीच्या पुढून चालत गेली आणि तिने दार वाजवलं. दार बोटभर उघडलं.

"माझ्यामुळे झालंय हे," डिंफना म्हणाली. "मी बोलले होते."

आतून असुम्प्टा म्हणाली, "मला माहीत आहे." आणि दार बंद झालं.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. कीनन मायलेकरांच्या बाकावर असुम्प्टा एकटी होती. तिच्या दोन्ही बाजूंनी बाक रिकामा. रविवारची उपासना, मिस्सा, संपत आली. फादर डेव्हनींनी आठवड्याच्या सूचना वाचल्या आणि आशीर्वादासाठी हात उचलला, तेवढ्यात डिंफना आपल्या जागेवर उभी राहिली. आमच्या चर्चमध्ये बाई अशी मधेच कधी उभी राहिली नव्हती. फादरांचा हात हवेतच राहिला.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांनी माना पुढे काढल्या. "मी मॅलकी कीननला पोलिसांच्या गाडीतून उतरताना पाहिलं..."

माझ्यामागे कुणीतरी श्वास ओढला. असले शब्द आमच्याकडे उघड्यावर बोलत नसत. एक पुरुष दबक्या आवाजात म्हणाला, "खाली बस, डिंफना. देवासाठी खाली बस."

"त्याचा हात कापला होता. रक्त वाहत होतं. त्यांनी त्याला डॉक्टरांकडे सोडलं आणि ते गेले. मी सगळं पाहिलं. पण दुकानात सांगताना रक्त गाळलं आणि गाडी ठेवली. लोकांना हसवायला. जे ऐकलंत त्यातलं माझं एवढंच, बाकीचं कुठून आलं मला माहीत नाही. त्याचं काही झालं तर ते माझ्या तोंडामुळे झालं असेल. आणि आता तुम्ही सगळ्यांनी खरं ऐकलंय."

"बस म्हटलं ना!" तोच आवाज, या वेळी मोठ्याने.

ती खाली बसली नाही. तेव्हा फेलिम उठला. काही बोलला नाही. नुसता बायकोच्या शेजारी उभा राहिला, टोपी हातात धरून. ओरडणारा गप्प झाला. मी उठले की नाही असं पुढे मला कुणीकुणी विचारलं. उठले. पण मला वेळ लागला.

यूजीन मागच्या भिंतीशी पुरुषांमध्ये उभा होता. फादरांनी आशीर्वाद दिला, तेव्हा त्यानेही बाकीच्यांसारखी क्रुसाची खूण केली आणि बाहेर पडला. त्याच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट होते. आमच्याकडे चांगली बातमी येत नाही, नुसती वाईट यायची थांबते. दारावर टकटक झाली की डिंफनाच्या हातून वस्तू पडायची. एकदा संध्याकाळी आमच्या घरांसमोर एक गाडी थांबली, तेव्हा आम्ही दोघी तिच्या मागच्या खोलीत जमिनीवर बसलो होतो, एकमेकींचे हात धरून. रस्ता विचारायला आलेला कुणीतरी होता.

मग एके दिवशी कीननांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही दिसली नाही. खाटकाने असुम्प्टाला हवामानाबद्दल काहीतरी विचारलं. मालकाने मॅलकीला निरोप पाठवला. पण तो कामावर गेला नाही. वसंतात तो ग्लासगोला मामाकडे निघून गेला. उजव्या हाताची दोन बोटं त्याला पुरती मिटता येत नव्हती. तो तिथेच स्थायिक झाला, तिथेच लग्न केलं. आईचा मुलगा वाचला, पण तिच्या घरातून गेला. डिंफनाने तेही स्वतःच्याच नावावर मांडून ठेवलं होतं.

दुकान तिने पुन्हा उघडलं. लोकांना वाटलं होतं ती आता मुकी होईल. काही दिवस झालीही. गिऱ्हाइकं कमी झाली. फादर डेव्हनी एकदा रस्त्यात भेटले, तेव्हा तिला म्हणाले, "गप्प बसणं म्हणजे पुण्य असं मी कधी म्हटलं होतं? तू त्या रविवारी गप्प बसली असतीस तर?" मग ती हळूहळू बोलायला लागली. नकला परत आल्या, पण आता बहुतेक स्वतःच्या आणि फेलिमच्या. कुणी तिसऱ्याबद्दल काही घेऊन आलं की ती कात्री थांबवून विचारायची, "तू स्वतः पाहिलंस? सगळं पाहिलंस? मग जे गाळतेयस ते आधी सांग." ब्रोनाला त्याचा राग यायचा. तिने पुढे दुसरीकडे जायला सुरुवात केली. मला मात्र ती एकदा म्हणाली की नोव्हेंबरमधल्या त्या आठवड्यानंतर तिला कुठलीच गोष्ट दुसऱ्याला सांगताना आधीसारखी मजा आली नाही.

असुम्प्टा कितीतरी वर्षं आली नाही. चर्चमध्ये दोघी एकमेकींना मान लववायच्या, तेवढंच. मग एका सकाळी ती दारात उभी राहिली. केस पांढरे झालेले, हातात ग्लासगोहून आलेला नातवाचा फोटो. मी तिथेच होते. डिंफनाने खुर्ची पुसली. असुम्प्टा बसली. डिंफनाने तिच्या खांद्यांवर कपडा टाकला. कात्री हातात घेऊन ती तशीच उभी.

असुम्प्टा आरशातून तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी दार लावून घेतलं, कारण मला तुझ्या अंगावर धावून जायचं होतं."

"धावून यायला हवं होतंस."

"हो. पण चर्चमध्ये तू उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं, आता तुलाही नेतील. आणि मी तुझ्यासाठी प्रार्थना केली. मनात नसताना केली." तिने फोटो आरशाला टेकवून ठेवला. "कान झाकले जातील एवढे ठेव. थंडी वाजते."

डिंफनाने केस विंचरायला घेतले. फार सावकाश विंचरले.